हॅरॉल्ड सीब्रिंग

हॅरॉल्ड लिऑन सीब्रिंग (१८९८–१९६८), सगळे 'टॉम' म्हणायचे, हे अमेरिकेतल्या फ्लोरिडाचे जज आणि नंतर लॉ कॉलेजचे डीन. जन्म कॅन्सासचा. फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत लॉ शिकायला आले आणि शिकता शिकताच तिथल्या फुटबॉल टीमचे हेड कोच झाले (१९२५ ते २७), म्हणजे सकाळी लेक्चर आणि संध्याकाळी ग्राउंड, आणि रेकॉर्डही वाईट नाही, १७ जिंकल्या, ११ हरल्या, २ बरोबरीत. १९२८ला डिग्री, मग वकिली, मग सर्किट जज (म्हणजे खालच्या कोर्टाचे न्यायाधीश), १९४३ पासून फ्लोरिडा सुप्रीम कोर्टात.

पण नाव राहिलं ते न्यूरेंबर्गमुळे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या या शहरात नाझींवर चाललेल्या खटल्यांमुळे. गोरिंग वगैरे बड्या नाझी नेत्यांचा पहिला खटला चार देशांनी मिळून चालवला होता, त्यानंतरचे १२ मात्र एकट्या अमेरिकेने, आणि त्यांना जज आणले ते बरेचसे राज्यांच्या कोर्टांतून. त्यातला पहिलाच, नाझी डॉक्टरांचा खटला सीब्रिंग यांच्या बेंचकडे आला, अध्यक्ष होते वॉशिंग्टन राज्याचे वॉल्टर बील्स. डिसेंबर १९४६ ते ऑगस्ट १९४७. आरोपी २३, त्यातले २० डॉक्टर! छळछावणीतल्या कैद्यांना बर्फगार पाण्यात बुडवून ठेवायचं, हवेचा दाब कमी केलेल्या चेंबरमध्ये कोंडायचं, मलेरिया मुद्दाम द्यायचा, आणि याला रिसर्च म्हणायचं. बचाव पक्षाचं म्हणणं काय, तर माणसांवर प्रयोग कसे करावेत याचा ठरलेला नियम होताच कुठे. म्हणून मग निकालातच १० मुद्दे लिहून टाकले, तोच 'न्यूरेंबर्ग कोड'. पहिला मुद्दा, माणसाची स्वखुशीची संमती पाहिजेच. (मुद्दे नेमके कोणी लिहिले, जजांनी की सरकारी बाजूच्या डॉक्टर तज्ज्ञांनी, यावर इतिहासकार अजून भांडतात, त्यामुळे सगळं श्रेय सीब्रिंगना देऊन मोकळं होता येत नाही.) ७ जणांना फाशी, ९ जणांना कैद, ७ सुटले.

परत आल्यावर ते १९५१ ते ५३ फ्लोरिडा सुप्रीम कोर्टाचे चीफ जस्टिस होते. आता इथे एक गोष्ट खटकते. व्हर्जिल हॉकिन्स या काळ्या माणसाला १९४९ मध्ये फ्लोरिडा युनिव्हर्सिटीच्या लॉ कॉलेजने वर्णावरून ॲडमिशन नाकारली, ज्या कॉलेजातून सीब्रिंग शिकले तेच हे कॉलेज, आणि केस आली ती त्यांच्याच कोर्टात, तर १९५० मध्ये कोर्टाने हॉकिन्सला तिथे जागा काही मिळवून दिली नाही. काळ्या विद्यार्थ्याला तिथे दार उघडलं ते थेट १९५८ला, आणि तोही हॉकिन्स नव्हता.

१९५५ मध्ये कोर्ट सोडून सीब्रिंग स्टेट्सन लॉ कॉलेजचे डीन झाले, १९६८ पर्यंत. फ्लोरिडातलं हे सगळ्यात जुनं लॉ कॉलेज, १९००चं, ते नुकतंच गल्फपोर्टला हललेलं, तेही 'रोलिएट' नावाच्या जुन्या हॉटेलच्या इमारतीत. रोलिएट म्हणजे टेलर या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग उलटं. योगायोग बघा, न्यूरेंबर्गच्या त्या १२ खटल्यांत सरकारी वकिलांचे प्रमुखही टेलरच होते, टेलफर्ड टेलर, अर्थात हॉटेलवाल्या टेलरशी त्यांचा काही संबंध नाही.