फॅनचा आवाज गेला, सोबत मावशीचा 'स' पण गेला

मागच्या महिन्यात मावशीच्या थालीपीठाचा व्हिडिओ एडिट करायला घेतला. शूट मस्त झालेलं, फोन ट्रायपॉडवर साधारण 2 मीटर लांब, मावशी भाजणीबद्दल रंगात येऊन बोलतीये आणि मागे एक्झॉस्ट फॅन आणि फ्रीज दोघांची जुगलबंदी. म्हटलं सॉफ्टवेअर आहे ना, नॉइज रिडक्शन मारू, स्लायडर पार शेवटपर्यंत ओढला. फॅन गेला खरा, पण "साजूक तूप सोडायचं"चं "आजूक तूप ओडायचं" झालं आणि मावशी विहिरीतून बोलल्यासारखी वाटायला लागली.

असं का होतं? 'आ', 'ऊ' म्हणताना आपल्या स्वरतंतूंचं कंपन होतं, म्हणून त्या आवाजाला ठराविक सूर असतो. 'स' म्हणताना मात्र ते गप्प असतात, नुसती हवा दातांमधून घासत बाहेर येते. एकदा 'सऽऽऽ' करून बघा आणि गळ्यावर बोट ठेवा, काही थरथरत नाही. थोडक्यात 'स' हा स्वतःच एक नॉइज आहे, बराचसा 4-5 हजार हर्ट्झच्या वरचा, आणि फॅनच्या वाऱ्याच्या सूंऽऽमध्येही तसलाच मालमसाला असतो, फक्त हळू.

नॉइज रिडक्शनची जुनी पद्धत 1979 साली स्टीव्हन बोल यांनी मांडली, ती साधी आहे. कोणी बोलत नसतानाचा एखादा सेकंद सॉफ्टवेअरला ऐकवायचा, ते कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती गोंगाट आहे हे टिपून घेतं आणि मग पूर्ण रेकॉर्डिंगचे बारीक बारीक तुकडे करून प्रत्येकातून तेवढं वजा करतं. जास्त वजा केलं की हळू बोललेले स, श, फ पण त्यात जातात, आणि गोंगाटाचे जे ठिपके उरतात ते पाण्याच्या बुडबुड्यांसारखे किणकिणतात. म्हणून मी आता 6 ते 12 डेसिबलवर थांबतो. 6 म्हणजे गोंगाटाची लहर निम्मी, 12 म्हणजे पाव. थोडा फॅन ऐकू आला तर येऊ दे ना, स्वयंपाकघर आहे ते.

विजेची गुणगुण त्या मानानं गरीब. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ती नेमकी 50, 100, 150 वर बसलेली असते आणि तेवढ्याच अरुंद पट्ट्या कापता येतात. बाईचा आवाज साधारण 165 हर्ट्झच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे मावशीच्या बाबतीत 80-100 च्या खालचं सगळं सरळ उडवलं तरी काही बिघडत नाही.

हे सगळं कंप्रेसरच्या (फ्रीजचा नव्हे, एडिटिंग सॉफ्टवेअरमधला) आधी करायचं बरं का, मी उलटं करून दोन तास घालवलेत. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो, 3:1 ला ठेवला तर मर्यादेच्या 6 डेसिबल वर गेलेलं 2 वर आणतो, आणि मग आपण सगळाच आवाज वाढवतो, म्हणजे फॅन पण वाढतो. शेवटी लाउडनेस. यूट्यूब साधारण -14 एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) वरचं स्वतःच खाली आणतं, त्यामुळे कानठळ्या बसतील इतकं वाढवून हाती काही लागत नाही.

खरी डोकेदुखी फॅन नाहीच, घुमणारा आवाज आहे. टाइल्सवरून परत येतो तो मावशीचाच आवाज, तिच्याच फ्रिक्वेन्सीचा, फक्त जरा उशिरा. वजा काय करणार? आता एआयवाली टूल्स बरंच काम करतात, पण जास्त ताणलं की आवाज प्लॅस्टिकचा होतो. इथे खरा उपाय अंतराचा. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलनी वाढतो, घुमणारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. 2 मीटरवरून 25 सेंटीमीटरवर या, तीनदा निम्मं, म्हणजे 18 डेसिबलचा फायदा, फुकट, एकही 'स' न गमावता.

पुढचा व्हिडिओ पुरणपोळीचा. दुसरा फोन मावशीच्या एप्रनच्या वरच्या खिशात, सुरुवातीला एक टाळी, म्हणजे दोन्ही रेकॉर्डिंग जुळवता येतात. फॅन बंद, फ्रीज पण बंद. साउंडवाले फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवतात, म्हणजे परत चालू केल्याशिवाय कोणी घरी जात नाही. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली किल्ली ठेव, पण दुधाच्या पातेल्यापासून लांब.