चिठ्ठीवर लिहिलेलं भजन

बेळगावजवळच्या येळ्ळूरला आमच्या नात्यातल्या एक काकू असतात. काका गेले, मुलगा नोकरीसाठी पुण्याला. वर्षभर काकूंची एकच तक्रार होती: डोकं जड, छातीत धडधड, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ईसीजी झाला, रक्त तपासून झालं, थायरॉईड पाहिलं. सगळं ठीक. शेवटी एका डॉक्टरांनी नैराश्य ओळखलं आणि गोळी सुरू केली. त्याच सुमारास शेजारणीनं एका गुरुवारी त्यांना हाताला धरून भजनाला नेलं. पहिले काही गुरुवार काकू देवळातल्या खांबाला टेकून नुसत्या बसून राहिल्या. मग एकदा कुणीतरी त्यांच्या हातात टाळ दिले.

ब्रिटनमध्ये डॉक्टरच अशा गोष्टींची शिफारस करतात. त्याला म्हणतात सोशल प्रिस्क्रायबिंग. गोळीच्या जोडीला, कधी गोळीऐवजी, बागकाम, गाण्याचा गट, चालायला जाणारी मंडळी, कर्जात बुडालेल्याला पैशाचा सल्ला. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं २०१९ पासून यासाठी मोठ्या प्रमाणावर 'लिंक वर्कर' नेमले. काय दुखतं हे डॉक्टरांनी विचारलेलंच असतं. हा माणूस निवांत बसून विचारतो, तुम्हाला काय हवंय? आणि मग गरज पडली तर त्या गटाच्या दारापर्यंत सोबत येतो.

यामागचं शास्त्र सरळ आहे. नैराश्यात माणूस आधी चारचौघांतून उठतो. भेटीगाठी थांबल्या की बरं वाटण्याचे प्रसंगही थांबतात, आणि मन आणखी खचतं. उमेद आली की बाहेर पडू, असं म्हणत बसलं तर ती येतच नाही. आधी पाय उचलायचा, मन मागून येतं. या उपचाराला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, आणि त्याची कसून परीक्षा आपल्या चोर्ला घाटाच्या पलीकडेच, गोव्यात झाली. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या सुमारे ५०० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या सेवेच्या जोडीला खास प्रशिक्षण दिलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांबरोबर सहा ते आठ बैठका मिळाल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. बाकीच्यांत ३९ टक्के. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले.

पण तो आखीव उपचार होता. 'भजनाला जा' एवढं सांगणं म्हणजे तो उपचार नव्हे. सोशल प्रिस्क्रायबिंगचा स्वतःचा पुरावा अजून कच्चा आहे. २०१७ मध्येच ब्रिटनमधल्या १५ मूल्यमापनांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा बहुतेक छोटी आणि सदोष निघाली. तुलनेला दुसरा गट बहुतेक ठिकाणी नव्हताच. माणूस दवाखान्यात येतो तो त्रास शिगेला पोचल्यावर, त्यामुळे काहींना पुढे आपोआपही बरं वाटतं. श्रेय मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीला जातं.

आपल्या सीमाभागात जायला जागा कमी नाहीत. कडोली, उचगाव, कुद्रेमानीची साहित्य संमेलनं, तालमी, वाचनालयं, गणेशोत्सव मंडळं, बचत गट, भजनी मंडळं. पण यातली प्रत्येक जागा प्रत्येकासाठी उघडी नसते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या बायका जमतात, आणि जिला सोबतीची सगळ्यात जास्त गरज, त्या विधवेला आजही अनेक घरांतून बोलावणं जात नाही. हे मला फार लागतं. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, हे मोठंच काम झालं. पण खानापूरच्या जंगलपट्टीत, कणकुंबी-जांबोटीकडे धुवाधार पावसात घराबाहेर पडणंच अवघड असतं. भाषेचंही तसंच. 'जीव वर-खाली होतो', 'कशात जीव रमत नाही' हे दुभाष्यामार्फत सांगवत नाही. आपल्याकडे लिंक वर्कर नेमायचे तर त्यांना मराठी आणि कन्नड दोन्ही यायला हवं. आशाताई घरोघरी जातात खऱ्या, पण त्यांच्या पिशवीत आधीच किती कामं कोंबली आहेत.

मला खरी भीती वेगळीच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की नैराश्य, चिंता अशा नेहमी आढळणाऱ्या आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. अशा ठिकाणी भजनी मंडळ हा डॉक्टरांना स्वस्त पर्याय ठरू शकतो. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळतात, ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, त्याला मनोविकारतज्ज्ञच हवा. चालू गोळ्या भजनाच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक रात्रीबेरात्रीही चालतो. उपचार गावाजवळ नेण्याचा धडा तर कर्नाटकानंच देशाला दिला: १९८० च्या दशकात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं बळ्ळारीत जो प्रयोग केला, त्यावरच १९९६ चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला.

काकूंची गोळी अजून चालू आहे, टाळही चालू आहेत. गेल्या पावसाळ्यात शेजारीण लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर हुबळीला गेली होती. त्या महिन्यात काकू एकाही गुरुवारी देवळात गेल्या नाहीत.