प्लाझ्मा टेबल छोट्या वर्कशॉपपर्यंत कसं पोचलं

परभणी, हिंगोली, लातूरकडच्या बहुतेक फॅब्रिकेशनच्या दुकानांत पत्रा कापायचा म्हणजे गॅस कटर नाहीतर ग्राइंडर. वखराची पास, ट्रॉलीच्या पट्ट्या, गेटची जाळी, सगळं त्यावरच निघतं. नक्षी बारीक असेल तर काम वाळूजच्या लेसरवाल्याकडे जातं. दोन नगांसाठी गाडीभाडं परवडत नाही, म्हणून घरच्या घरी प्लाझ्मा टेबल, म्हणजे विजेने तापवलेल्या हवेच्या झोताने पत्रा कापणारा टॉर्च कॉम्प्युटरच्या हुकमाने फिरवणारं टेबल, बांधायचा विचार सुरू होतो. या टेबलावरचा जवळजवळ प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या जुन्या अडचणीतून आलेला आहे. ती अडचण माहीत नसली की नेमका तोच भाग चुकीचा घेतला जातो.

गॅस कटर लोखंड वितळवत नाही, जाळतो. तापलेल्या लोखंडावर ऑक्सिजन सोडला की लोखंडच पेट घेतं. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमवर ही युक्ती चालत नाही, कारण त्यांच्यावर बसणारा ऑक्साइडचा थर लवकर वितळत नाही आणि खालचा धातू जळत नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात रॉबर्ट गेज यांनी टिग वेल्डिंगचा (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने करायच्या वेल्डिंगचा) आर्क, म्हणजे विजेची सलग ठिणगी, बारीक छिद्राच्या नोझलमधून दाबून काढला आणि त्या झोताने धातू कापून दाखवला. पेटंट १९५७ मध्ये मिळालं. तेव्हाचे संच आरगॉन-हायड्रोजन किंवा नायट्रोजनवर चालत. म्हणजे सिलिंडर आले, खर्चही आला. १९६८ मध्ये डिक काउच यांनी झोताभोवती पाणी सोडून तो आणखी आवळला, कापाची कड सरळ येऊ लागली आणि त्यातूनच हायपरथर्म ही कंपनी उभी राहिली.

छोट्या दुकानाच्या दृष्टीने खरा बदल हवेचा. साध्या हवेत टंगस्टनचं इलेक्ट्रोड लगेच जळून जातं. तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफनियम या धातूचा दाणा बसवल्यावर ते टिकू लागलं आणि सिलिंडरच्या जागी कंप्रेसर आला. पुढे इन्व्हर्टर आले. ५० हर्ट्झचा अवजड ट्रान्सफॉर्मर जाऊन हजारो हर्ट्झवर चालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर बसला, आणि ४० अँपिअरचं मशीन एका माणसाला उचलता येऊ लागलं.

हवा फुकट असली तरी ओली असते. पावसाळ्यात तर विचारूच नका. टाकीतून निघालेल्या गरम हवेतलं पाणी वाफेच्या रूपात असतं, त्यामुळे टाकीलाच चिकटवलेल्या फिल्टरमधून ते सरळ पुढे जातं. आधी पाच-सहा मीटर धातूचा पाइप फिरवून हवा थंड करायची आणि फिल्टर टॉर्चच्या बाजूला लावायचा. नाहीतर नोझलचं गोल छिद्र काही तासांत लंबगोल होतं, काप तिरका येतो, आणि दोष टेबलाच्या चौकटीला दिला जातो.

दुसरा धागा हालचालीचा. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरने मशीन चालवणं, येण्याआधीही आकार कापले जात होतेच. रुळावर चालणारं पग मशीन सरळ रेघ आणि गोल कापायचं. नमुन्यावर एक टोक फिरवलं की दुसरं तसंच फिरणारे पँटोग्राफ होते, कागदावरच्या काळ्या रेघेमागे डोळा फिरवणारे ट्रेसरही होते. हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी जॉन पार्सन्स यांनी सुचवलेल्या कल्पनेवर एमआयटीत काम झालं आणि १९५२ मध्ये छिद्रांच्या पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन दाखवण्यात आलं. तिथून वाढत गेलेला जी-कोड, म्हणजे मशीनला हालचाल सांगणारी आज्ञांची भाषा, १९८०च्या सुमारास आरएस-२७४-डी या प्रमाणात बांधला गेला. टेबलावर आज सरळ रेघ मारायला सांगणारा जी०१ त्याच कुळातला.

हे सगळं मोठ्या कारखान्यांसाठी होतं. १९८५ मध्ये वाळूजला बजाज आलं, त्यामागे सुटे भाग करणारे आले, पण सीएनसी कंट्रोलर हा गल्लीतल्या फॅब्रिकेटरने विकत घ्यायचा माल नव्हता. वाट मोकळी केली ती सॉफ्टवेअरने. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने ईएमसी नावाचा कंट्रोलर केला आणि तो खुला ठेवला. त्याचंच पुढे लिनक्ससीएनसी झालं. जुना पीसी आणि प्रिंटरचा पॅरलल पोर्ट एवढ्यावर मोटारी फिरू लागल्या. २००९ मध्ये ग्रब्ल हे छोटं सॉफ्टवेअर आलं आणि तेच काम आर्डुइनो या हातात मावणाऱ्या बोर्डवर होऊ लागलं.

मात्र या घरगुती मशीनांत राउटरही (लाकूड कोरणारी मशीनं) पुष्कळ होते, आणि त्यांची सवय प्लाझ्मात शिरली. राउटरला लाकडाचा विरोध सोसायचा असतो, म्हणून तिथे बॉलस्क्रू, म्हणजे फिरून मशीन सरकवणारा आटेदार दांडा, शोभतो. प्लाझ्माचा टॉर्च पत्र्याला टेकतही नाही. त्याला वेग आणि कोपऱ्यावर चटकन वळणं लागतं. ४५ अँपिअरवर ६ मिमी पत्रा मिनिटाला साधारण सव्वा-दीड मीटरने कापला जातो, पण २ मिमीला पाच मीटरच्या आसपास वेग हवा. म्हणून टेबल सहा मीटरला धावलं पाहिजे. ५ मिमी लीडच्या (एका फेऱ्याला ५ मिमी सरकवणाऱ्या) स्क्रूला त्यासाठी १२०० आरपीएम लागतात. तिथे ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या स्टेपर मोटारीचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, गळालेला असतो आणि लांब स्क्रू दोरीसारखा थरथरतो.

रॅक-पिनियनचं, म्हणजे दातेरी पट्टीवर फिरणाऱ्या दातेरी चाकाचं, गणित वेगळं. मॉड्यूल (दाताचं माप) १, २० दाती पिनियन म्हणजे एका फेऱ्याला ६२.८ मिमी. मध्ये बेल्टने ३:१ उतरवलं की मोटारच्या फेऱ्याला २०.९ मिमी. सहा मीटरला २८७ आरपीएम पुरतात, म्हणजे नेमा २३ मापाची स्टेपर मोटार आरामात. मोटार चालवणारा ड्रायव्हर फेऱ्याला १६०० स्टेपवर ठेवला तर मिमीमागे सुमारे ७६.४ स्टेप. बेल्ट न लावता पिनियन थेट मोटारवर बसवला तर मशीन चालतं, पण छोट्या भोकाची कड दातेरी येते.

उंची सांभाळणं ही सगळ्यात चिवट अडचण. ४५ अँपिअरच्या सेटला कापताना टॉर्च पत्र्यापासून दीड मिमीवर आणि छिद्र पाडताना पावणेचार मिमीच्या आसपास लागतो. छिद्र पाडतानाच खाली ठेवला तर उडालेलं वितळलेलं लोखंड नोझलवर बसतं. पत्रा तापून वर उचलतो, म्हणून आर्कचं व्होल्टेज मोजून टॉर्च वर-खाली करणारा झेड अक्ष हलवतात: अंतर वाढलं की व्होल्टेज वाढतं. यातच एक फसगत आहे. कोपऱ्यावर वेग उतरला की फट रुंद होते, आर्क लांबतो आणि व्होल्टेज वाढतं. कंट्रोलरला वाटतं टॉर्च वर गेला, म्हणून तो खाली आणतो आणि टॉर्च पत्र्याला धडकतो. वेग ठरलेल्याच्या ८०-९० टक्क्यांखाली गेला की उंचीची दुरुस्ती थांबवायची असते. लिनक्ससीएनसीच्या प्लाझ्मासी या प्लाझ्मासाठीच्या भागात ही सोय आहे. मूळ ग्रब्लमध्ये उंचीचं नियंत्रणच नाही, तिथे वेगळा बोर्ड लावावा लागतो.

स्वस्त सेट घेताना आर्क कसा सुरू होतो ते आधी विचारावं. हाय फ्रिक्वेन्सी ठिणगीवाले सेट पीसी गोठवतात, टेबलाच्या टोकाला मशीन थांबवणाऱ्या लिमिट स्विचला खोटे सिग्नल देतात. ब्लोबॅकवाला, म्हणजे हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड नोझलपासून मागे सरकवून पायलट (सुरुवातीचा) आर्क पेटवणारा सेट घ्यावा. टेबल, गँट्री (टॉर्च वाहून नेणारी आडवी चौकट) आणि कंट्रोल बॉक्सच्या अर्थिंगच्या तारा एकाच बिंदूवर आणून तिथून जमिनीत रॉड ठोकावा. आपल्याकडे काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉडभोवतीची माती सुटते. पावसाळ्यात बिनतक्रार चाललेलं मशीन एप्रिलमध्ये अडखळू लागलं तर आधी तिथे पाणी ओतून पाहावं.

आणि नावाच्या पाट्या. जी-कोडला अक्षर कळत नाही, फक्त रेषा कळतात. देवनागरीत शिरोरेषा शब्द धरून ठेवते, पण अनुस्वाराचा टिंब सुटून खाली पडतो; त्याला बारीक दांडा जोडावा लागतो. पत्र्यातून अक्षरं कोरून काढायची असतील तर ‘व’ आणि ‘ब’ची पोटं गळतात, तिथे दीड-दोन मिमीचे पूल ठेवावेत. फॉन्टमध्ये मात्रा आणि अक्षर एकमेकांवर चढलेली असतात; इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एकत्र न करता डीएक्सएफ (रेषांची फाइल) काढली तर टॉर्च वेलांटीच्या आरपार काप मारतो.