मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या देखभालीचे नियोजन

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पाची पुढील काही वर्षांची निगा कोण राखणार, कोणती आवृत्ती किती काळ दुरुस्त करून देणार आणि ती केव्हा बंद करणार, हे आधीच ठरवून जाहीर करण्याच्या कामाला देखभालीचे नियोजन म्हणतात. मुक्तस्रोत परवाना कोणालाही कोड वाचण्याची व बदलण्याची मुभा देतो. मात्र तो परवाना कोड दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणावरही टाकत नाही, आणि बहुतेक परवान्यांत तर कोणतीही हमी नसल्याचे स्पष्ट लिहिलेले असते.

पूर्व विदर्भातील वाचकाला ही अडचण मालगुजारी तलावांवरून, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातील तलावांवरून, चटकन उमगेल. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि भंडारा-चंद्रपूरकडील तलाव शासनाकडे गेले. पाणी गावाचेच राहिले, पण उन्हाळ्यात गाळ काढायचा कोणी आणि पाळ बांधून घ्यायची कोणी, हे पूर्वीसारखे ठरलेले राहिले नाही व अनेक तलाव उथळ होत गेले. अर्थात तलावाचा गाळ निदान डोळ्यांना दिसतो. सॉफ्टवेअरचा बहुधा अपघातानंतरच कळतो. एक्सझेड या फाइलींचा आकार लहान करणाऱ्या साधनाचा भार वर्षानुवर्षे मुख्यतः एकाच स्वयंसेवकावर होता. मदतीला आलेल्या एका टोपणनावी व्यक्तीने सुमारे दोन वर्षे विश्वास कमावून त्यात चोरवाट पेरली. मार्च २०२४ मध्ये ती उघड झाली, तीही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा एका अभियंत्याने छडा लावल्यामुळे.

म्हणून नियोजनाचा गाभा वेळापत्रकापेक्षा माणसांत असतो. पण वेळापत्रकही लागतेच. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या पायथन २ आवृत्तीचा आधार, म्हणजे तिला दुरुस्त्या मिळणे, २०१५ मध्ये संपायचा होता. वापरकर्त्यांची तयारी नाही हे पाहून ती मुदत पाच वर्षांनी वाढवली गेली आणि १ जानेवारी २०२० रोजी तो खरोखर थांबला. तारीख पाळण्याइतकीच ती वेळेवर कळवणेही महत्त्वाचे असते.

ग्रंथालयांसाठीची ‘कोहा’ ही प्रणाली या बाबतीत विशेष पाहण्यासारखी आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय संस्थेची जुनी प्रणाली २००० सालात चालणार नव्हती, म्हणून ‘कोहा’ १९९९ मध्ये लिहून घेण्यात आली. तिची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे व नोव्हेंबरमध्ये येते, आणि क्रमांकातच वर्ष व महिना असतो: २३.११ म्हणजे नोव्हेंबर २०२३. प्रत्येक फेरीसाठी नव्या आवृत्तीचा प्रमुख आणि जुन्या आवृत्त्या सांभाळणारे वेगवेगळे लोक समुदाय निवडतो. त्यामुळे एखादा थकला तरी काम अडत नाही.

वरचे नियोजन कितीही नेटके असले, तरी तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात खालचे टोक सुटू शकते. ग्रंथपालाच्या टेबलाखाली, इन्व्हर्टरला जोडलेला एकच संगणक. त्यावर ‘कोहा’ बसवून देणारा माजी विद्यार्थी नोकरीला पुण्यात. पासवर्ड त्याच्याच मोबाइलमध्ये, आणि रात्रीचा बॅकअप त्याच संगणकाच्या त्याच डिस्कवर. अशा ठिकाणी योजनेचे पहिले पान म्हणजे दाखल नोंदवहीच्या शेवटी शाईने लिहिलेला मजकूर: कोणती आवृत्ती, केव्हा बसवली, पासवर्डचे बंद पाकीट कोणाच्या कपाटात, आणि विचारायचे कोणाला, एक नव्हे तर दोन नावे. आवृत्ती बदलण्याचे काम ग्रंथ पडताळणीनंतर उन्हाळी सुटीत घेणे सोयीचे. त्या वेळी मेमध्ये नुकतीच आलेली आवृत्ती टाळून नोव्हेंबरची, सहा महिने वापरात मुरलेली आवृत्ती घ्यावी. बदलापूर्वीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहावा, आणि हे सारे जूनमध्ये प्रवेशाची गर्दी सुरू होण्याआधी उरकावे.