गळ्यातला स्कार्फ आणि टोपीवरचा लाल तुरा : स्काऊट आणि एनसीसी

जून उजाडला, शाळा भरून आठवडा झाला की साताऱ्यात मला एक प्रश्न ठरलेला असतो. यंदा तो पोवई नाक्यावर गाठ पडलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारला. त्याचा मुलगा आता सातवीत आहे. "सर, पोराला स्काऊटला घातलाय. पुढं मिलिटरी भरतीला उपयोग होईल ना?" मी म्हटलं, बाबा, तू म्हणतोस ती एनसीसी. तर म्हणाला, "एकच की ओ ते!"

त्याची चूक म्हणवत नाही. आपला जिल्हाच तसा. आपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं, देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यातच निघालं, आणि गावोगाव घरटी कुणीतरी पलटणीत असतंच. अशा ठिकाणी अंगावर गणवेश चढवून, रांगेत उभं राहून मुलांनी सॅल्यूट ठोकला की ते सैन्याचंच काहीतरी, असं वाटणारच. त्यात काही शाळांत आरएसपी (रस्ता सुरक्षा पथक) असते, काहींत एमसीसी (महाराष्ट्र कॅडेट कोअर). पालकांच्या डोक्यात सगळ्यांची मिळून एकच परेड चाललेली असते. मी तीस वर्षं स्काऊट मास्तर होतो आणि शेजारच्या मैदानावर एनसीसीची परेड रोज बघत होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी दिसण्यातला फरक. गळ्यात स्कार्फ, त्याला पुढं वॉगल म्हणजे स्कार्फ अडकवायची कडी, खांद्याला दोरी असेल तर तो स्काऊट. मुलगी असेल तर गाईड. डोक्यावरच्या बेरेटला लाल तुरा, कमरेला रुंद पट्टा, पायात जाड बूट असतील तर तो एनसीसीचा कॅडेट. सॅल्यूटही बघा. स्काऊट तीन बोटांनी करतो. ती तीन बोटं म्हणजे त्याच्या वचनाचे तीन भाग : देव आणि देशाप्रती कर्तव्य, दुसऱ्याला मदत, आणि स्काऊट नियमांचं पालन. कॅडेटचा सॅल्यूट सैनिकाचाच, पूर्ण पंजाचा. हस्तांदोलनाला डावा हात पुढं आला तर समोर स्काऊट आहे, हे डोळे मिटून सांगता येतं.

आता मुळाकडे. एनसीसी म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना. १९४८ च्या कायद्यानं ती उभी राहिली आणि संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते. शाळेतले एनसीसी अधिकारी हे शिक्षकच असतात, पण ते प्रशिक्षण घेऊन नेमलेले. परेड शिकवायला बटालियनमधून सेवेतले हवालदार येतात. सातारा-सांगलीच्या शाळांचा वरचा धागा कोल्हापूरच्या ग्रुप मुख्यालयाशी जुळलेला. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही मात्र स्वयंसेवी शैक्षणिक चळवळ आहे. तिला सरकारची मान्यता आणि मदत आहे, पण ती कुठल्या सैन्यदलाची शाखा नाही. देशात आधी स्काऊटच्या वेगवेगळ्या संस्था होत्या, त्या एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ही संस्था झाली आणि पुढच्या वर्षी गाईड्सही तीत आल्या.

गोंधळ मुळापासूनच आहे, त्याला एक कारण आहे. स्काऊटचा जनक बेडन पॉवेल हा पक्का लष्करी माणूस. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मॅफेकिंगच्या वेढ्यात नाव कमावलेला. पण १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस मुलांना घेऊन त्यानं जे शिबिर भरवलं, त्यात बंदूक नव्हती. माग काढणं, चूल पेटवणं, निरीक्षण, जीव वाचवणं असलंच सगळं. सैनिकानं काढलेली ही गोष्ट बिनसैनिकी ठेवली गेली. आणि आपल्याकडे नेमकं उलट घडलं. एनसीसी असावी अशी शिफारस करणाऱ्या १९४६ च्या समितीचे अध्यक्ष होते पंडित हृदयनाथ कुंझरू. हे कुंझरू कोण? मदनमोहन मालवीय आणि श्रीराम वाजपेयी यांच्याबरोबर सेवा समितीची स्काऊट संघटना उभी करणारे, आणि पुढं भारत स्काऊट्स आणि गाईड्सचे पहिले राष्ट्रीय आयुक्त. स्काऊट एनसीसीचंच काम करत असता, तर याच माणसाला दुसरी वेगळी संघटना मागायचं कारण नव्हतं. पालकसभेत मी हे दरवेळी सांगायचो. दोन्हींचं मोल त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी दोन्ही वेगळ्या ठेवल्या.

खरा फरक मैदानावर एक तास उभं राहिलं की कळतो.

स्काऊटमध्ये सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो. स्काऊटच्या संघाला प्राण्याचं किंवा पक्ष्याचं नाव, गाईडच्या संघाला बहुधा फुलाचं. संघाचा नायक त्यांच्यातलाच एक पोरगा. चार संघ मिळून पथक. मास्तर बाजूला उभा असतो आणि, खरं सांगतो, त्यानं गप्प राहायचं असतं. सगळ्यात अवघड तेवढंच. शिबिरात कुणाच्या चुलीवर आमटी आणि कुणाच्या चुलीवर भात, हे संघनायक ठरवतो. भात करपला तर करपलेला खायचा. माझ्या पथकातला एक आठवीतला नायक सात पोरांची भांडणं मिटवता मिटवता दोन दिवसांत रडकुंडीला आला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं कामाची पाळी कागदावर लिहून तंबूच्या खांबाला बांधली. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

गाठींचा तास मला सगळ्यात आवडायचा. स्कार्फची त्रिकोणी घडी उलगडली की मोडलेल्या हाताची झोळी होते, ती झोळी रीफ नॉटनं बांधायची, कारण ती गाठ चपटी बसते, रुतत नाही आणि सोडायला सोपी. खांबाला दोर अडकवायला क्लोव्ह हिच. ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा कोरेगावकडचा एक मुलगा मागून ओरडला, "सर, ही तर आमचा आज्जा म्हशीच्या खुंट्याला मारतो की!" त्याला पुढं बोलावला, दोर हातात दिला, आणि त्या दिवशी पथकाला ती गाठ त्यानंच शिकवली. मग बोलाईन. हिचा फास ओढला तरी आवळत नाही, म्हणून माणसाला पाण्यातून किंवा विहिरीतून काढताना काखेखालून हीच घालायची. २०१९ चा महापूर ज्यांनी सांगलीत, कऱ्हाडात, कृष्णेकाठच्या कुठल्याही गावात बघितला, त्यांना या गाठीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

आणि 'खरी कमाई'. स्वतःच्या कष्टानं चार पैसे मिळवायचे. शाळेत भेळेच्या, वडापावच्या गाड्या लागतात तो दिवस पालकांना जत्रेसारखा वाटतो. पण कांदा किती आणला, किती उरला, नफा किती, हे सहावीतली पोरगी वहीत मांडते तो त्यातला खरा धडा.

एनसीसीचा तास याच्या अगदी निराळा. तिथं हिंदीतून आज्ञा सुटते, 'सावधान', आणि पन्नास टाचांचा एकच आवाज येतो. एखाद्याची टाच मागाहून वाजली तर सगळ्यांना ऐकू जाते. हुकूम वरून खाली येतो आणि तो का आला हे रांगेत उभं राहून विचारायचं नसतं. काही शिक्षकमित्रांना हे खटकतं, मला खटकत नाही. ज्या कामात दुसऱ्याचा जीव आपल्या शिस्तीवर टांगलेला असतो, त्याची तयारी अशीच व्हायला हवी. कवायत, नकाशावाचन, प्रथमोपचार, श्रमदान, शस्त्राची ओळख असा तिथला अभ्यास. रायफल हे मुलांचं मोठं आकर्षण. .२२ च्या रायफलीनं पोटावर पडून नेम धरायचा, श्वास अर्धा सोडून थांबवायचा, आणि चाप हळूच दाबायचा. गोळ्या झाडून झाल्यावर रिकाम्या पुंगळ्या शोधून, मोजून परत द्याव्या लागतात. पुंगळी कमी भरली तर ती सापडेपर्यंत गवत चाळायचं. जबाबदारी म्हणजे काय हे मुलांना या मोजणीतून जेवढं कळतं, तेवढं भाषणातून कळत नाही.

शाळेतली एनसीसी दोन वर्षांची, बहुतेक ठिकाणी आठवी-नववी. जागा मोजक्या, म्हणून निवड होते. ठरलेली हजेरी आणि शिबिर पूर्ण करून परीक्षा दिली की 'ए' प्रमाणपत्र. कॉलेजात पुढं चालू ठेवली तर 'बी' आणि 'सी'. गणवेशाचा खर्च सरकार करतं. स्काऊट-गाईडमध्ये साधारण दहाव्या वर्षापासून, म्हणजे पाचवीतच जाता येतं. त्याहून लहानांसाठी कब आणि बुलबुल आहेत. गणवेश आपला आपण शिवायचा. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान म्हणजे पायऱ्या, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण आहे. ती चढायला काही वर्षं लागतात. आठवीत येऊन 'यंदाच राज्य पुरस्कार द्या' म्हणणारे पालक मला भेटलेत. तसं होत नाही.

आता नोकरीचं, कारण पोवई नाक्यावरचा प्रश्न तोच होता. सैन्यभरतीत एनसीसीच्या प्रमाणपत्राला वजन आहे. 'सी' प्रमाणपत्र असलेल्या पदवीधराला एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीपर्यंत जाता येतं, अर्थात बाकीच्या अटी पुऱ्या करून. स्काऊटच्या प्रमाणपत्राला सैन्यात असं स्थान नाही. पण रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते, आणि तिथं राष्ट्रपती पुरस्कार लागतो. हे आपल्याकडे फार थोड्या पालकांना माहीत असतं. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी दोन्हींचा विचार होतो; त्याचे निकष त्या वर्षीच्या परिपत्रकात बघावेत, शेजारच्या मुलाला किती मिळाले यावर जाऊ नये. आणखी एक. एनसीसीत गेलं की सैन्यात जावंच लागतं, ही भीती विशेषतः मुलींच्या आयांना असते. तसं कसलंही बंधन कायद्यात नाही.

मुलाला कुठं घालावं? माझं मत स्पष्ट आहे. पाचवी ते सातवी स्काऊट किंवा गाईड. त्या वयात मुलाला चूक करू देणारी, पडू देणारी जागा हवी असते. आठवीत आल्यावर त्याचं त्याला विचारा. पलटणीची ओढ असेल, पहाटे उठून पळायची तयारी असेल, तर एनसीसी. नसेल, तर आहे तिथंच सोपान चढू द्या. गप्प मुलाला एनसीसी झेपणार नाही असंही समजू नका. शाळेत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही जिचा आवाज फुटत नसे, अशी एक मुलगी मला आठवते. दुसऱ्या वर्षी ती सार्जंट झाली आणि तिची आज्ञा स्टाफरूमपर्यंत ऐकू यायची. दुसऱ्यानं दिलेल्या ठरलेल्या शब्दांचा तिला आधार मिळाला. गाईडच्या संघात, जिथं शब्दही आपलेच शोधायचे असतात, तिथं ती कदाचित आणखी मागं सरली असती.

एक गोष्ट सांगताना आजही जीव कळवळतो. मी सुरुवातीला ज्या शाळेत होतो तिथं स्काऊट कागदावर होता. नोंदणीचे पैसे जमा व्हायचे, १५ ऑगस्टला स्कार्फ निघायचे आणि १६ ला पेटीत जायचे. चार वर्षं 'स्काऊट' म्हणवून घेतलेल्या मुलाला एक गाठ मारता येत नव्हती. एनसीसीचं असं सहसा होत नाही, कारण वरून तपासणीला माणूस येतो. स्काऊटला तपासणारे मास्तर आणि पालकच. म्हणून शाळेत गेल्यावर 'तुमच्याकडे स्काऊट आहे का' असं विचारू नका. मागचं शिबिर कधी झालं, कुठं झालं, मुलांनी रात्र तंबूत काढली का, स्वयंपाक कुणी केला, हे विचारा. उत्तर द्यायला कुणी अडखळलं तर समजून घ्या.

पोवई नाक्यावरच्या माझ्या विद्यार्थ्याला एवढं सगळं उभ्याउभ्या सांगता आलं नाही, त्याची एसटी लागली होती. खिडकीतून त्यानं विचारलं, "मग आता स्काऊट सोडवू काय?" मी म्हटलं, अजिबात नको, हे वर्ष पुरं करू दे, आणि पुढच्या जूनमध्ये एनसीसीच्या निवडीची तारीख शाळेत आधीच विचारून ठेव, जागा पटकन भरतात.