गावरान लाल जास्वंद आणि 'पुणे व्हरायटी'च्या मागची गोष्ट

नागपुरात नर्सरीत जास्वंद मागितली की बहुतेक ठिकाणी दोनच नावं ऐकू येते, गावरान आणि पुणे व्हरायटी, आणि पुणे व्हरायटीची, म्हणजे संकरित झाडांची, ती मोठ्ठी पिवळी-नारिंगी फुलं दिसली की लोक गावरानकडे वळूनही बघत नाही. मला याचं खरंच वाईट वाटते, कारण त्या रंगीत झाडांच्या मागच्या पिढ्या शोधत गेलं तर आपली लालच सापडते.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसने 1753 मध्ये या लाल जास्वंदीला 'चीनचा गुलाब' अशा अर्थाचं शास्त्रीय नाव दिलं, पण ही जंगलात आपोआप उगवलेली कुठेच सापडत नाही, जिथे आहे तिथे माणसानेच लावलेली. त्याच्याही आधी, 1678 पासून छापल्या गेलेल्या, मलबारच्या वनस्पतींवरच्या 'हॉर्टस मलाबारिकस' या डच ग्रंथात केरळातल्या डबल लाल जास्वंदीचं चित्र आहे. डबल फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असते, बी जवळपास धरतच नाही. म्हणजे फांदी तोडायची, मातीत खोचायची, जगली की शेजारच्याला द्यायची, असं करत करतच ती इतक्या दूर पोचली. नागपूरच्या टेकडी गणपतीला वाहिलेलं फूलसुद्धा अशाच कुठल्यातरी हातोहात आलेल्या फांदीचं.

मग रंग कुठून आले? सगळ्यात पहिले आठवते मॉरिशस, तिथे 1820 च्या सुमारास चार्ल्स टेलफेअर या वनस्पती अभ्यासकाने तिथल्या रानटी जास्वंदीशी लालचा संकर केला. पण मला सगळ्यात जास्त आवडते ती आफ्रिकेची झुंबरवाली, लांब देठाला उलटी लटकलेली, पाकळ्या कात्रीने कातरल्यासारख्या. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडची ही जात जॉन किर्कमुळे युरोपच्या बागांपर्यंत गेली, हा प्रवासी लिव्हिंगस्टनसोबत आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवर गेलेला डॉक्टर, पुढे झांझिबारला ब्रिटिशांचा कॉन्सल झाला. 1880 मध्ये इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ हूकरने तिला वेगळी जात म्हणून नाव दिलं, शिझोपेटालस, म्हणजे चिरलेल्या पाकळ्यांची.

पुढचं मोठं काम हवाईत झालं. तिथे मूळची पांढरी, चक्क वास असलेली जास्वंद होती (आपल्या लालला कुठे वास आहे?), ती, ही झुंबरवाली आणि जुनी लाल यांचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून धडाधड संकर झाले, लोकांना इतकं वेड लागलं की 1923 मध्ये जास्वंद तिथलं अधिकृत फूलच झालं. नंतर फ्लोरिडा, ऑस्ट्रेलिया, आणि आपल्याकडे बंगळूरजवळ हेसरघट्ट्याच्या बागवानी संशोधन संस्थेनेही नवे वाण काढले.

एवढ्या संकरानंतर फूल मोठं झालं पण मुळं बऱ्याचदा नाजूक राहिली. आपल्या मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की कळ्या पटापट गळते. म्हणून ही झाडं खूपदा गावरानच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या बुंध्यावर, कलम बांधून विकतात. कलमाच्या खालून फुटवा आला, त्याला साधं लाल फूल लागलं की लोक म्हणते नर्सरीवाल्याने फसवलं, पण तो फुटवा खालच्या गावरानचा असतो, त्या पिवळ्या फुलाला पाणी तीच पाजते.