तलाव खोल करण्याआधी: विदर्भातल्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची पार्श्वभूमी

गावातला तलाव खोल करायचा असो की नाल्याचं रुंदीकरण, मंजुरीच्या फायलीत अंदाजपत्रक असतं, नकाशा असतो, तांत्रिक मान्यता असते. त्या कामामुळे मासळीचं, गाळपेरीचं (पाणी ओसरल्यावर गाळात होणाऱ्या पेरणीचं), खालच्या शेतातल्या ओलाव्याचं काय होईल, हे सांगणारा कागद मात्र सहसा सापडत नाही. कायदा तो मागतही नाही. याचं कारण पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे कामाचे परिणाम आधीच तपासण्याच्या, कायद्याच्या जन्मात आहे.

भारतात अशी तपासणी सुरू झाली ती धरणांपासून. १९७६-७७ मध्ये नियोजन आयोगाने विज्ञान व तंत्रज्ञान विभागाला नदीखोरे प्रकल्प पर्यावरणाच्या अंगाने तपासायला सांगितलं. पण त्यामागे कायद्याचं बळ नव्हतं. १९८४ ची भोपाळ दुर्घटना घडली, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याखाली २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने ठरावीक प्रकल्पांसाठी आघात मूल्यांकन बंधनकारक केलं. जनसुनावणी आणखी उशिरा, १९९७ मध्ये आली.

पवनीजवळच्या, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ चं. म्हणजे बुडणाऱ्या गावांचं म्हणणं ऐकून घेण्याची सक्ती कायद्यात यायला तेव्हा नऊ वर्षं बाकी होती. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत उतरतं. आज ते याच जलाशयात साचतं आणि काठच्या गावांना ते भोगावं लागतं.

१४ सप्टेंबर २००६ ला नवी अधिसूचना आली. जनसुनावणी प्रकल्पस्थळी किंवा अगदी जवळ घ्यावी, तीस दिवस आधी सूचना द्यावी, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा, हे सगळं तिच्यात आहे. मात्र सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. मोजकी माणसं आली तरी ती सुरू होते. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोली शहरात झाली, खाणीपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. मजुरी बुडवून तिथे जायचं तरी कोणी?

गावपातळीच्या कामांसाठी खरी गोम वेगळीच आहे. ही सगळी यंत्रणा प्रकल्पाच्या आकारावर चालते. खाण, औष्णिक वीज केंद्र, हजारो हेक्टरचं सिंचन तिच्या कक्षेत येतं. बोडीचं (लहान तळ्याचं) खोलीकरण, पांदण रस्ता, सिमेंट नाला बांध यांचा तिथे प्रश्नच येत नाही. एकेक काम लहान असतं हे खरं, पण एकाच नाल्यावर अशी दहा कामं झाली की त्यांची बेरीज कुणी करत नाही.

विदर्भात कामाआधी परिणाम तपासण्याचा दुसरा उगमही आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. १९८० च्या दशकात गोदावरीवरचं इचमपल्ली आणि इंद्रावतीवरचं भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे त्यात होते. दोन्ही धरणं बाजूला पडली. त्या मंथनातून धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगटाची पद्धत रुजली: आधी विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला प्रश्न विचारायचे, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचं. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ती जिद्दीने जपली. २००९ मध्ये याच गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परिणामांचा अंदाज घेऊन निर्णय करणारी ही ग्रामसभा कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालाहून कमी नाही.

पूर्व विदर्भातले मालगुजारी तलावही, म्हणजे मालगुजार या जमीनदारांच्या काळातले गावतलावही, हेच सांगतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा. १९५०-५१ च्या सुमारास मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि गाळाने आणि बेशरम या तणाने भरू लागले. दुरुस्ती म्हणजे गाळ उपसणं, एवढाच अर्थ पुढे उरला. मासेमारी करणाऱ्या ढिवरांना विचारलं तर ते वेगळं सांगतात: कडेचा उथळ भाग उकरला तर मासळी अंडी कुठे घालेल? देवधान (रानभात) कुठे उगवेल? भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांसोबत काम करताना हेच ज्ञान हाताशी धरलं. बेशरम काढली आणि पाणवनस्पती पुन्हा लावल्या.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार हे राज्य सरकारचं जलसंधारण अभियान जाहीर झालं. त्यातल्या नाला खोलीकरणाच्या अशास्त्रीय पद्धतीवर आक्षेप आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जॉनी जोसेफ समिती नेमली गेली. चर्चा झाली ती कामं झाल्यावर.

लहान कामांना आधी तपासण्याची एक जागा कायद्यात आजही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) शाळा, अंगणवाडी, रस्ते, तलाव अशा गावसुविधांसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देऊ देतं. अट अशी की हेक्टरी ७५ हून अधिक झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. बहुतेक ठिकाणी ही शिफारस ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) आणलेल्या छापील ठरावावर सह्या घेऊन होते. त्या ठरावाला शिवारफेरीची नोंद, ढिवर आणि गुराख्यांचं म्हणणं, लोकजैवविविधता नोंदवहीतलं (गावातल्या झाडं-प्राण्यांची आणि त्याबद्दलच्या लोकज्ञानाची नोंद) संबंधित पान जोडायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. ठराव इतिवृत्तात चढण्याआधी ते जोडण्याचा आग्रह ग्रामसभेतल्या बायाबापड्यांना धरता येतो.